अन्नाचे वावडे आणि आतड्याचा क्षोभ

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात जिवती येथे दिलेले व्याख्यान)



आजच्या मेळाव्यात चार शब्द बोलण्यासाठी चिटणीसांनी मला पाचारण केले आणि विषयाची निवडही माझ्यावरच सोपविली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. अशा प्रसंगी शिक्षण, संघटन, हुंडाबंदी अथवा व्यसनमुक्ती या विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे, आणि ते विषय महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु मी व्यवसायाने वैद्यकी करणारा मनुष्य. माझ्यासमोर समाज येतो तो सभामंडपातून नव्हे, तर दवाखान्याच्या बाकावरून. म्हणून आज मी पोटाविषयी बोलणार आहे. विषय थोडा संकोचाचा आहे. तथापि या संकोचापायी आपल्यांतील कित्येक माणसे वर्षानुवर्षे मुकाट्याने दुःख भोगीत असतात, त्यामुळे तो बाजूला सारणे मला भाग आहे.

गेल्या वर्षीच्या मेळाव्यात पंगत बसली होती. वडाभात वाढला जात होता आणि मंडळी आनंदाने जेवत होती. मंडपाच्या कडेला सुमारे पस्तीस वर्षांची एक भगिनी मात्र पान न घेता बसली होती. यजमानीण बाई तिला आग्रह करून थकल्या आणि शेवटी थोड्या रागानेच पुढे गेल्या. मी जवळ जाऊन विचारपूस केली, तेव्हा ती म्हणाली, “डॉक्टरसाहेब, मला आता अन्नच मानवत नाही.” चार वर्षांत तिने प्रथम वांगे सोडले, मग तुरीची डाळ, मग शेंगदाणे, मग अंडी, मग दही. तरीही पोट फुगणे, कळ येणे, सकाळी तीन-चार वेळा शौचास जावे लागणे हे चालूच होते. वजन ३८ किलोवर आले होते. तिची हकीकत मी तिच्या अनुमतीने आणि नाव न घेता सांगत आहे. तिचा शेवट काय झाला ते पुढे येईलच.

आपल्या भाषेत ‘वावडे’ असा एक फार अर्थपूर्ण शब्द आहे. एखाद्याला वांग्याचे वावडे असते, तर एखाद्याला दुधाचे. आयुर्वेदाने हीच गोष्ट सात्म्य आणि असात्म्य या शब्दांनी मांडली. एकाला जे मानवते ते दुसऱ्याला मानवेलच असे नाही, हा अनुभव आपल्या पूर्वजांना पुरेपूर होता. अलीकडे ‘वावडे’ या जुन्या शब्दाच्या जागी सर्रास ‘ॲलर्जी’ हा शब्द आला आहे, आणि गोंधळाला आरंभ होतो तो येथेच. सर्व ॲलर्जी ही वावडी असतात. पण सर्व वावडी ही ॲलर्जी नसतात. हा भेद ज्याला समजला, त्याचे निम्मे काम झाले असे समजावे.

ॲलर्जी हा शब्द क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी १९०६ साली प्रथम योजिला. पुढे १९२१ साली जर्मनीत प्राउस्निट्झ आणि क्यूस्टनर या दोघा डॉक्टरांनी एक प्रयोग केला. क्यूस्टनर यांना मासे बाधत असत. त्यांच्या रक्तातील द्रव प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतला, आणि नंतर त्याच जागी माशाचा अर्क टोचताच तेथे गांधी उठली. याचा अर्थ असा की, ही बाधा पोहोचविणारा काही पदार्थ रक्तातच असतो. तो पदार्थ म्हणजे ‘आयजीई’ नावाचे प्रतिद्रव्य होय, हे १९६६ साली इशिझाका या जपानी दांपत्याने दाखवून दिले.

ही खरी ॲलर्जी ओळखण्याच्या खुणा स्पष्ट असतात. पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत अंगावर पित्तासारख्या गांधी उठतात, ओठ व डोळे सुजतात, उलटी होते, घसा आवळल्यासारखा वाटतो, दम लागतो. अगदी थोडा पदार्थ पोटात गेला तरी हे घडते आणि प्रायः प्रत्येक वेळी घडते. दूध, अंडी, शेंगदाणे, काजू-बदाम, मासे, झिंगे, गहू, सोयाबीन आणि तीळ हे यातील नेहमीचे पदार्थ. हा प्रकार प्राणघातक ठरू शकतो. येथून मोठे रुग्णालय गाठायचे म्हणजे डोंगर उतरून राजुऱ्याकडे वा चंद्रपूरला जावे लागते, हे आपण जाणताच. म्हणून ज्याला असा प्रसंग एकदा येऊन गेला आहे, त्याने तो पदार्थ घरी पुन्हा चाखून पाहण्याचे धाडस कदापि करू नये. तसा प्रसंग आलाच तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जवळच्या आरोग्य केंद्रात तत्काळ न्यावे. कारण ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाच यावरचा पहिला उपाय आहे. गोळी देऊन वाट पाहत बसणे घातक होय.

आता ज्या विकाराने आपली ती भगिनी त्रस्त होती, त्याकडे वळू. डॉक्टर त्याला ‘इरिटेबल बाउल सिंड्रोम’ म्हणतात. आपण त्याला आतड्याचा क्षोभविकार म्हणू. यात आतड्याला जखम नसते, गाठ नसते, दुर्बिणीतून पाहिले तर अस्तर निरोगी दिसते. परंतु आतड्याचे मज्जातंतू हळवे झालेले असतात आणि मेंदू व आतडे यांमधील संदेशांचा मेळ बिघडलेला असतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रोम’ निकषांच्या चौथ्या आवृत्तीत याची व्याख्या दिली आहे. गेले ३ महिने आठवड्यातून सरासरी किमान १ दिवस पोट दुखत असले पाहिजे. शिवाय ते दुखणे शौचाशी निगडित असणे, शौचाच्या वेळांत फरक पडणे आणि शौचाच्या स्वरूपात फरक पडणे, या तिहींपैकी किमान दोन गोष्टी असल्या पाहिजेत. आणि तक्रारीचा आरंभ निदान ६ महिन्यांपूर्वी झालेला असला पाहिजे. तपासात काही दिसत नाही, म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. “सून कामचुकार आहे, नखरे करते” असे उद्गार मी अनेक घरांत ऐकले आहेत. बंधुभगिनींनो, ते दुखणे खरे असते.

या विकारात अन्न खाल्ल्यावर त्रास वाढतो असे बहुतेक रुग्ण सांगतात, आणि ते चुकीचे सांगत नाहीत. पण त्यामागे निरनिराळी कारणे असतात. त्यांतील मुख्य चार आपण पाहू.

पहिले कारण दुधाचे. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते आणि ती पचविणारे पाचक द्रव्य लहान आतड्यात असते. बालपण सरल्यावर अनेकांच्या शरीरात हे द्रव्य कमी होत जाते. मोठेपणीही ते टिकवून धरणारा आनुवंशिक गुण भारताच्या वायव्येकडे अधिक आढळतो. दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे तो कमी होत जातो. तेव्हा मोठ्या माणसाला दूध न पचणे हा रोग नव्हे. तो अनेकांच्या प्रकृतीचाच भाग आहे. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, वायू होतो, पोट फुगते, पातळ शौचास होते. यात प्रमाणाला महत्त्व आहे. सुमारे २५० मिलिलिटर, म्हणजे एक पेलाभर दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असते, आणि दूध न पचणाऱ्यांपैकीही पुष्कळांना एका वेळी तेवढे सोसते. विरजणातील जंतू काही लॅक्टोज खाऊन टाकीत असल्यामुळे दही व ताक त्या मानाने सुसह्य असतात.

दुसरे कारण आंबणाऱ्या शर्करांचे. गहू, कांदा आणि लसूण यांत फ्रुक्टन, तर हरभरा, राजमा, तूर इत्यादी द्विदलांत गॅलॅक्टन नावाची कर्बोदके असतात. ती कोणाच्याही लहान आतड्यात पूर्णपणे पचत नाहीत. निरोगी माणसाला त्याचा उपद्रव जाणवत नाही. परंतु ज्याचे आतडे हळवे झाले आहे, त्याला तोच वायू कळेसारखा बोचतो. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील गिब्सन आणि शेफर्ड यांनी २००५ च्या सुमारास या सर्व शर्करांना एकत्रितपणे ‘फॉडमॅप’ असे नाव दिले आणि त्या कमी करण्याची पथ्यपद्धती मांडली. ही ॲलर्जी नव्हे. यात चिमूटभर पदार्थाने अनर्थ होत नाही. ओंजळभर झाला तर त्रास होतो.

तिसरे कारण सीलिॲक रोगाचे. यात गव्हातील ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर उलटते. हीसुद्धा ॲलर्जी नव्हे; पण याचे परिणाम गंभीर असतात. पंडुरोग जडतो, हाडे ठिसूळ होतात, मुलांची वाढ खुंटते. याचा शोध कसा लागला ते ऐकण्यासारखे आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये युद्धामुळे उपासमार पडली आणि पाव मिळेनासा झाला. त्या हलाखीतही सीलिॲकने आजारी असलेली मुले सुधारू लागली, आणि पाव पुन्हा मिळू लागताच बिघडली. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांना गव्हाविषयी संशय आधीपासून होता. तो या अनुभवाने दृढ झाला आणि १९५० साली त्यांनी आपला प्रबंध सिद्ध केला. आपल्या देशात हा रोग गहू खाणाऱ्या उत्तर भागात अधिक दिसतो. तथापि आपल्याकडे तो नाहीच असे समजण्याचे कारण नाही.

चौथे कारण नव्या संशोधनातून पुढे आले आहे. आतड्याचा क्षोभ आणि ॲलर्जी यांचा खरा सांधा कदाचित येथेच असावा. बेल्जियममधील ल्युव्हेन विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. आतड्याला जंतुसंसर्ग झाला असताना उंदरांना अंड्यातील एक प्रथिन खाऊ घातले. संसर्ग बरा झाल्यावरही ते प्रथिन पुन्हा पोटात गेले की त्यांचे आतडे दुखू लागे. जणू शरीराने त्या निरपराध अन्नाची गणना शत्रूच्या साथीदारांत करून टाकली होती. पुढे क्षोभविकाराच्या १२ रुग्णांच्या आतड्याच्या अस्तरात गहू, ग्लुटेन, सोयाबीन आणि दूध यांचे अर्क सूक्ष्म प्रमाणात टोचून पाहिले असता, सर्वच्या सर्व १२ जणांत निदान एका पदार्थाने तेथल्या तेथे ॲलर्जीसारखी सूज उठली. निरोगी ८ जणांपैकी केवळ दोघांत असे घडले. ही सूज आतड्यापुरतीच असते. रक्ताच्या वा कातडीच्या तपासणीत ती दिसत नाही. रुग्णांची संख्या लहान आहे आणि ही तपासणी सामान्य दवाखान्यात होण्यासारखी नाही. परंतु जुलाब-आमांशाच्या एका आजारानंतर कायमचे पोट बिघडले, असे सांगणाऱ्या रुग्णाचे म्हणणे आता हसण्यावारी नेता येणार नाही.

आपल्या डोंगरावर या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. माणिकगडच्या या पठारावर उन्हाळ्यात पाण्याची टंचाई आणि पावसाळ्यात गढूळ पाणी, हा अनुभव कोलाम व गोंड बांधवांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. मराठवाड्यातून, विशेषतः १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास, पोटासाठी येथे येऊन वसलेल्या कुटुंबांनाही तो आहे. पाणी उकळून पिणे हा क्षोभविकाराचाही प्रतिबंध होय, असे आता म्हणावयास हरकत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या ताटाची. आपले वाडवडील येथे आले ते ज्वारीची भाकरी खात आले. आज शिवारात कापूस आणि सोयाबीन वाढले आहे, आणि घरात धान्य येते ते बव्हंशी स्वस्त धान्य दुकानातून. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दरडोई दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, आणि ते मुख्यतः गहू व तांदूळ असते. या धान्याने कित्येक चुली पेटत्या ठेवल्या आहेत. त्याला दोष देणे कृतघ्नपणाचे होईल. गव्हामुळे विकार वाढले असेही मी म्हणत नाही. मी इतकेच म्हणतो की, शोध घेताना वांग्याला आणि शेंगदाण्याला आरोपी करण्यापूर्वी, ताटात रोज आणि भरपूर प्रमाणात काय येते तिकडे आधी पाहावे.

आता शोध कसा घ्यावा ते सांगतो. हा या व्याख्यानाचा गाभा आहे. कृपया लक्ष द्यावे.

प्रथम, धोक्याच्या खुणा नाहीत याची खात्री करावी. शौचावाटे रक्त जाणे, विनाकारण वजन घटणे, ताप येणे, पंडुरोग, रात्री झोपेतून शौचासाठी उठावे लागणे, पंचेचाळिशी उलटल्यावर प्रथमच तक्रार सुरू होणे, अथवा घराण्यात आतड्याचा कर्करोग असणे, यांपैकी एकही खूण असल्यास पथ्याचे प्रयोग न करता डॉक्टरांकडे जावे. आपल्या देशात आतड्याचा क्षयही आढळतो, आणि वावडे समजून त्याकडे दुर्लक्ष झाले तर प्राणावर बेतते. हिमोग्लोबिन, शौचाची तपासणी आणि सीलिॲकसाठी रक्ताची ‘टीटीजी’ तपासणी एवढे तरी करून घ्यावे. यातील शेवटची तपासणी गहू चालू असतानाच करावी. आधीच पोळी सोडली तर रोग असूनही तो लपून राहण्याचा संभव असतो.

दुसरे, दोन आठवडे वही ठेवावी. काय खाल्ले, किती, किती वाजता, त्रास कोणता व केव्हा झाला, हे रोज लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शाळेत जाणाऱ्या मुलाकडून लिहवून घ्यावे. झोप, काळजी आणि स्त्रियांनी मासिक पाळीचे दिवसही नोंदवावेत. कारण आतडे या सर्वांना ओ देते. माझा अनुभव असा की, जेवण सर्व लिहितात, पण चहातले दूध आणि तोंडातला खर्रा कोणी लिहीत नाही. दिवसाला सहा कप चहा म्हणजे नकळत पेला-दीड पेला दूध झाले! आणि तंबाखूने आतड्याला चालना मिळते, हे तर खर्रा खाणाराच जाणतो.

तिसरे, वहीत ज्याच्यावर संशय येईल तो एकच पदार्थ पूर्णपणे थांबवावा. दूध असेल तर दोन ते तीन आठवडे, गहू, कांदा इत्यादी असतील तर चार आठवडे. एकाच वेळी पाच पदार्थ सोडले तर गुण आला तरी तो कशाने आला हे कळत नाही. आराम पडला नाही, तर तो पदार्थ निर्दोष समजून ताटात परत घ्यावा.

चौथे, आणि हेच बहुतेक जण करीत नाहीत: आराम पडला तरी तो पदार्थ पुन्हा खाऊन पाहावा. पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी त्याहून अधिक, तिसऱ्या दिवशी नेहमीइतका. मग दोन-तीन दिवस थांबून पाहावे. त्रास परतला तर दोषी सापडला. आणि किती प्रमाणापर्यंत सोसते हेही कळले. त्रास परतला नाही तर मधला आराम योगायोगाचा होता. क्षोभविकार आपोआप कमी-अधिक होत असतो. म्हणून या उलट तपासणीवाचून कोणत्याही अन्नाला जन्मठेप देऊ नये. मात्र ज्यांना गांधी, सूज, दम असा प्रकार झालेला आहे, त्यांच्यासाठी ही पायरी नव्हे, हे मी पुन्हा बजावून सांगतो. तद्वतच लहान मुले, गर्भवती स्त्रिया आणि आधीच अशक्त असलेली माणसे यांनी हे सर्व डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे.

पाचवे, दोषी सापडल्यावर ताट मोकळे ठेवू नये. बदली अन्न घ्यावे. गहू बाधत असेल तर ज्वारी, तांदूळ, नाचणी, मका आहेत. दूध कमी करावे लागले तर कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ आहेत. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. डाळ भिजवून ते पाणी टाकून दिल्यास बाधक शर्करा कमी होतात. लसणातील फ्रुक्टन पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. त्यामुळे पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या तर फोडणीचा वास राहतो आणि त्रास टळतो. कांद्याचा गड्डा बाधतो, पण पातीचा हिरवा भाग बहुधा सोसतो. सीलिॲक असलेल्यांनी मात्र अधिक जपावे. बाजारी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, आणि गिरणीत गव्हामागून ज्वारी दळली तर त्या पिठात गहू येतोच. त्यांनी ज्वारी घरच्या जात्यावर दळावी.

आता एका फसवणुकीविषयी. रक्ताचा एक नमुना घेऊन शंभर-दोनशे पदार्थांचे वावडे एका दमात सांगणाऱ्या तपासण्या शहरांतून विकल्या जातात. त्यांतील पुष्कळशा ‘आयजीजी’ प्रतिद्रव्य मोजतात. हे प्रतिद्रव्य आपण जे नेहमी खातो त्याच्याविरुद्ध निरोगी माणसातही आढळते. ते त्या अन्नाची ओळख दाखविते, शत्रुत्व नव्हे. युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने २००८ साली आणि कॅनडातील संस्थेने २०१२ साली या तपासणीवर विसंबू नये, असे स्पष्ट मत दिले आहे. कातडीवरची वा ‘आयजीई’ची तपासणी उपयुक्त आहे, पण तीही रुग्णाच्या हकिकतीला धरून, संशय असलेल्या पदार्थापुरतीच. हकीकत नसताना केलेली तपासणी निष्पापांनाही गोवते.

आपल्या त्या भगिनीने अशीच एक तपासणी उसनवारी करून करवून घेतली होती. कागदावर चाळीसच्या वर पदार्थ लाल शाईत होते. तो कागद तिने जपून घडी घालून ठेवला होता आणि त्याबरहुकूम ती उपाशी राहत होती. तिचे हिमोग्लोबिन ७ वर आले होते. प्रथम सर्व तपासण्या झाल्या. क्षय नव्हता, सीलिॲकही नव्हता. पंडुरोग होता तो न खाल्ल्याचा. हकीकत विचारता कळले की, चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तिला जबर आमांश झाला होता. त्यानंतरच हे सुरू झाले. मग तिच्या मुलीने वही लिहिली. दही, अंडी सुटली होती, पण चहा सुटला नव्हता. आणि भाजी नको म्हणून ती पोळीबरोबर कच्चा कांदा खात होती! दूध थांबविल्यावर तीन आठवड्यांत पुष्कळ आराम पडला. पुढे कांदा थांबवून पुन्हा घेतला, तेव्हा त्याचाही दोष निश्चित झाला. वांगे, तुरीची डाळ, शेंगदाणे, अंडी एकेक करून परत आले आणि एकानेही बाधा केली नाही. दहीसुद्धा वाटीभर सोसते. आज तिचे वजन ४४ किलो आहे. विकार समूळ गेला असे मी म्हणणार नाही. काळजीच्या दिवसांत पोट अजून कुरकुरते. परंतु चाळीस पदार्थांच्या भीतीतून ती सुटली आहे, आणि आज ती या मंडपात बसलेली आहे.

अध्यक्षमहाराज, शेवटी मंडळाकडे माझी एक विनंती आहे. आपल्यांत आग्रह करून वाढणे हे आदरातिथ्य मानतात, आणि नाही म्हणणाऱ्याला मानभावी ठरवितात. यापुढे मेळाव्याच्या पंगतीत एक भांडे कांदा-लसणावाचूनचे ठेवावे, पोळीच्या जोडीला भाकरी असावी, आणि कोणत्या पदार्थात शेंगदाणे, तीळ वा दूध आहे ते वाढप्यांना ठाऊक असावे. जो “नको” म्हणेल त्याला एकदाच विचारावे, पुन्हा नाही. यास मोठा खर्च येत नाही. आणि घरोघरीच्या ज्येष्ठ मंडळींना माझे सांगणे असे की, घरातील सून जेव्हा पोट दुखते म्हणून ताट सारते, तेव्हा तिच्या हाती आधी वही द्यावी, दोष देऊ नये.

अन्न हे पूर्णब्रह्म आहे असे आपण म्हणतो. त्या अन्नाची भीती कोणाच्याही मनात विनाकारण राहू नये, आणि जेथे भीती योग्य आहे तेथे ती वेळीच ओळखली जावी, एवढ्याचसाठी आपला इतका वेळ घेतला.